शेण, मेण आणि पडदा : बालगीताच्या ॲनिमेशनरूपाविषयी

१

काऊचिऊच्या गोष्टीत कावळ्याचे घर शेणाचे असते आणि चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, मेणाचे तगते. निराधार झालेला कावळा चिमणीच्या दाराशी येतो आणि बाळाचे न्हाणेमाखणे आटोपेपर्यंत चिमणी दार उघडीत नाही. मराठी घरांतून पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेलेल्या या गोष्टीत चिमणीच्या वाट्याला मेणच का यावे, याचे उत्तर पक्षिजीवनात सापडत नाही. कावळा शेणाने घर बांधीत नाही आणि चिमणी मेणाने बांधीत नाही. उत्तर भाषेत आहे. ‘शेण’ या शब्दाला ‘मेण’ हा शब्द जुळतो, एवढेच त्या दोन घरांचे स्थापत्यशास्त्र होय. एका वर्णाच्या फरकावर एकाचे घर बुडते आणि दुसरीचे उभे राहते. यमक येथे कथेवर चढविलेला अलंकार नाही. ते कथेचे कारण आहे.

हीच गोष्ट पडद्यावर आणली, तर दोन्ही घरे हुबेहूब दाखविता येतील, पावसाचे लोट दाखविता येतील, कावळ्याच्या डोळ्यांतील पाणीही दाखविता येईल. परंतु चित्रात शेण आणि मेण यांच्यात कोणतेही नाते दिसणार नाही. हिंदीत ‘गोबर’ आणि ‘मोम’ असे म्हटले की चित्र जसेच्या तसे राहते आणि कारण मात्र नाहीसे होते. प्रतिमा वस्तू वाहून नेते. त्या वस्तूंना एकत्र आणणारा ध्वनी ती वाहून नेऊ शकत नाही. बालगीतांवर अथवा त्यांच्या जवळच्या मौखिक सामग्रीवर आधारलेल्या सांगीतिक, अद्भुतरम्य ॲनिमेशनपटाचा विचार या अडचणीपासून सुरू व्हावयास हवा. अशा चित्रपटाविषयी सामान्यतः दोन प्रकारचे अभिप्राय व्यक्त होतात : तो मुलांना आवडतो म्हणून त्याची प्रशंसा, किंवा तो मौखिक परंपरेचा ऱ्हास घडवितो म्हणून त्याचा निषेध. हे दोन्ही अभिप्राय समीक्षेच्या दृष्टीने अपुरे आहेत. रूपांतरात नेमके काय स्थिर होते आणि काय मोकळे राहते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार प्रमाण मराठीच्या केंद्रातून न करता भंडारा जिल्ह्यातील मोहाडीसारख्या, झाडीबोलीच्या प्रदेशातील गावाच्या बाजूने केला, तर त्याचे टोक अधिक स्पष्ट होते. कारण जेथे घरातील उच्चार आणि पडद्यावरील उच्चार वेगळे असतात, तेथे यमक कोणाचे, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. परंतु तेथे पोहोचण्यापूर्वी या चित्रप्रकाराची मूळ भूमी आणि त्याचे मराठी परिसरातील सर्वांत जवळचे उदाहरण पाहणे आवश्यक आहे.

२

इंग्रजी बालगीतांचा सर्वांत विस्तृत कोश आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५१ साली सिद्ध केला. बालगीते म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनांपैकी बहुसंख्य रचना मुळात मुलांसाठी झालेल्याच नव्हत्या, हे त्यांचे महत्त्वाचे प्रतिपादन होते. पोवाड्यांचे तुटलेले तुकडे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, दारूच्या गुत्त्यातील गाणी, राजकीय उपहास असे नाना प्रकारचे अवशेष शिशुगृहात येऊन मुलांचे झाले. म्हणजे बालगीत हा संदर्भ हरवलेल्या वाक्यांचा संग्रह होय. त्यातील राजा कोणत्या देशाचा, ती म्हातारी बुटात का राहते, भिंतीवरचे ते अंडे पडले कसे, यांची उत्तरे गीतात नसतात. ही रिक्तता हा बालगीताचा दोष नव्हे. ती त्याच्या दीर्घायुष्याची अट आहे. ज्याला कारण नाही, त्याला प्रत्येक पिढी आपले कारण देऊ शकते.

ध्वनी साठविणाऱ्या यंत्राचा आणि बालगीताचा संबंध आरंभापासूनचा आहे. एडिसनने १८७७ साली आपल्या फोनोग्राफच्या कथलाच्या पत्र्यावर जे शब्द उच्चारले, ते सारा जोसेफा हेल या लेखिकेच्या १८३० साली प्रसिद्ध झालेल्या, मेरी आणि तिच्या कोकराविषयीच्या बालगीताचे होते. बोलपटाचे युग सुरू झाल्यावर डिस्नेच्या ‘सिली सिम्फनी’ या लघुपटमालेने हीच सामग्री हाती घेतली. १९३१ साली ‘मदर गूज मेलडीज’ आणि १९३३ साली ‘ओल्ड किंग कोल’ हे लघुपट आले. ‘ओल्ड किंग कोल’मध्ये निरनिराळ्या गीतांतील पात्रे पुस्तकांच्या पानांतून बाहेर येतात, राजाच्या वाड्यातील मेजवानीला जमतात आणि मध्यरात्र होताच त्यांना पुस्तकांत परत जावे लागते. या कल्पनेत या चित्रप्रकाराचा सगळा रूपबंध सामावलेला आहे. ज्या रचना एकमेकींना ओळखत नव्हत्या, त्यांच्या पात्रांना एका राज्याचे नागरिक करावयाचे, त्यांना एक समारंभ किंवा एक शत्रू द्यावयाचा आणि गीतांच्या दरम्यानची पोकळी कथेने भरावयाची. व्हिक्टर हर्बर्टच्या संगीताने सजलेल्या ‘बेब्ज इन टॉयलँड’ या १९०३ च्या रंगमंचीय संगीतिकेत हाच रूपबंध होता. तिच्यावर १९३४ साली लॉरेल आणि हार्डी यांचा, १९६१ साली डिस्नेचा आणि १९९७ साली ॲनिमेशनचा चित्रपट निघाला. एकाच चौकटीची ही पुनरावृत्ती सुचविते, की बालगीताला पूर्ण लांबीचा चित्रपट व्हावयाचे असेल तर त्याला भूगोल आणि कारणपरंपरा उसनी घ्यावी लागते.

या उसनवारीची किंमत १९३५ च्या ‘हू किल्ड कॉक रॉबिन?’ या लघुपटात स्पष्ट दिसते. मूळ गीतात एका पक्ष्याचा वध झालेला आहे. मारणारा आपला गुन्हा सरळ कबूल करतो आणि उरलेले प्राणी अंत्यविधीतील एकेक काम आपल्याकडे घेतात. मृत्यू आणि त्याभोवतीची सामुदायिक कामांची वाटणी, एवढाच त्या गीताचा आशय. डिस्नेच्या चित्रपटात त्याचा खटला होतो, एका पक्षिणीला मे वेस्ट या नटीचे रूप दिले जाते आणि अखेरीस रॉबिन मेलेलाच नव्हता, त्याला मदनाचा बाण लागला होता, असे उघड होते. गीतातील मृत्यू चित्रपट रद्द करतो. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, हिचकॉकने आपल्या ‘सॅबोटाज’ या चित्रपटात हाच लघुपट वापरला. धाकट्या भावाच्या मृत्यूची वार्ता नुकतीच कळलेली स्त्री चित्रपटगृहात येऊन बसते. मुले हसत असतात, तीही क्षणभर हसते, आणि पडद्यावर पक्ष्याला बाण लागताच तिचे हसू विरते. डिस्नेने काढून टाकलेला मृत्यू हिचकॉकने प्रेक्षागृहातून परत आणला. बालगीताचा आशय पडद्यावर नसतो, तो ऐकणाऱ्याच्या बाजूला असतो, याचे याहून नेमके भाष्य चित्रपटाच्या भाषेत विरळाच सापडेल.

३

मराठीतील बडबडगीते आणि शिशुखेळगीते यांची घडण याच प्रकारची आहे. तथापि तिच्यातील एक घटक अधिक ठळकपणे नोंदविला पाहिजे. ही गीते बव्हंशी शरीरावर घडतात. तळहातावर थापट्या मारीत अखेर कानाशी पोहोचणारा खेळ, बोटे चालवीत काखेपर्यंत नेऊन गुदगुल्या करण्याचा खेळ, मांडीवर झुलवीत म्हटलेली निरर्थक अक्षरांची माळ, घास भरविताना एकेक प्राण्याच्या नावाने दिलेला वाटा : या सर्व रचनांत शब्द ही अर्धी संहिता असते. उरलेली अर्धी स्पर्शात असते आणि त्या दोहोंच्या मध्ये एक विराम असतो. गुदगुली करण्यापूर्वी मोठे माणूस मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून थांबते. तो विराम किती लांबवावयाचा, हे गीतात लिहिलेले नसते. ते मुलाच्या श्वासावर ठरते. मौखिक संहितेचा कर्ता येथे सादरकर्ता नसून सादरकर्ता आणि श्रोता ही जोडी आहे.

या संहितेचे स्थिरीकरण तीन पायऱ्यांनी झाले. पहिली पायरी मुद्रणाची. मासिके, बालगीतांचे संग्रह आणि १९६७ साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके यांनी शब्दांचा क्रम ठरविला, पण ध्वनी ठरविला नाही. छापील ‘ळ’ प्रत्येक घराने आपल्या तोंडाने वाचला. दुसरी पायरी ध्वनिमुद्रणाची. रेकॉर्ड आणि आकाशवाणी यांनी चाल, उच्चार आणि गती ठरविली, पण चित्र ठरविले नाही; गाण्यातला ससा किंवा मोर प्रत्येक मूल आपल्या अंगणातून आणीत राहिले. तिसरी पायरी ॲनिमेशनची. तिने चित्रही ठरविले आणि त्याचबरोबर तो विरामही. सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबात मुलाच्या श्वासासाठी जागा नाही. म्हणून ॲनिमेशनपटाविरुद्धचा खरा आक्षेप तो कृत्रिम आहे, असा असू शकत नाही, कारण बडबडगीतही कृत्रिमच असते. आक्षेप असावयाचा तर तो असा, की येथे संहितेच्या जोडकर्त्यांपैकी एकाला केवळ प्रेक्षक केले जाते.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. आयझेनस्टाइनने १९४० च्या दशकात डिस्नेवर जी टिपणे लिहिली, त्यांत रेषेने घडलेल्या प्राण्याच्या द्रवरूपतेला त्याने मध्यवर्ती स्थान दिले. एकदा मिळालेल्या आकारात कायमचे बंदिस्त राहण्यास नकार देणारी ती रेषा आहे. तिची मान लांबते, शेपटीचा पाय होतो, झाडाचा माणूस होतो. बडबडगीतातील शब्दांची वागणूक नेमकी अशीच असते. एका शब्दातून केवळ ध्वनिसाम्यामुळे दुसरा निघतो आणि वस्तुजग त्या ध्वनीच्या मागोमाग आपला आकार बदलते. कोर्नेई चुकोव्हस्की या रशियन बालकवीने अशा उलट्यापालट्या रचनांचे समर्थन करताना दाखविले, की जगाची खरी व्यवस्था ज्याला कळू लागली आहे त्याच मुलाला तिची उलटापालट हसविते. मराठीत विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’ (१९६१) आणि ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) यांसारख्या संग्रहांतून हेच तर्कशास्त्र जाणीवपूर्वक वापरले. तात्पर्य, यमक आणि सचेतन रेषा यांच्यात मूलभूत वैर नाही. वैर आहे ते यमकाच्या जागी कथानकाची कारणपरंपरा बसविणाऱ्या रचनेशी. ॲनिमेशन गीताच्या तर्काने चालते की गीताचे केवळ सचित्रीकरण करते, हा भेद म्हणूनच निर्णायक ठरतो.

४

भारतीय संदर्भात या भेदाची कसोटी पाहण्यासाठी सर्वांत उपयुक्त उदाहरण म्हणजे १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा सुमारे सात मिनिटांचा लघुपट. तो हिंदी भाषेत असला तरी त्याच्या घडणीत मराठी माणसांचा मोठा वाटा होता. त्यामागील कल्पना विजया मुळे यांची. संगीत ‘प्रभात’च्या परंपरेत घडलेल्या वसंत देसाई यांचे. गीतलेखन विनयचंद्र मौद्गल्य यांचे आणि ॲनिमेशनचे दिग्दर्शन पुढे ‘घरौंदा’ (१९७७) हा चित्रपट करणाऱ्या भीमसेन यांचे. पारंपरिक बालगीतावर हा लघुपट आधारलेला नाही. तथापि प्रश्नोत्तराची साखळी, आवर्तने आणि मोजणी ही बालगीताची तंत्रेच त्याचा सांगाडा आहेत. आणि दूरदर्शनवरील पुनःपुन्हा झालेल्या प्रक्षेपणांनंतर त्याच्या गाण्याला बालगीताचे स्थान लाभले. म्हणून बालगीताचा चित्रपट या उदाहरणापेक्षा हे उदाहरण अधिक बोलके ठरते.

एक लहान मुलगा ताईला ‘अनेक’ म्हणजे काय, असे विचारतो. ‘अनेक’ हा शब्द घडणीने नञ् समास आहे : जो एक नव्हे तो. म्हणजे तो शब्द ‘एक’च्या पोटातूनच निघतो. ताई व्याख्या देत नाही. ती एकाच वस्तूशेजारी अनेक वस्तू ठेवीत जाते आणि त्यातून चिमण्यांची गोष्ट सुरू होते. हाताने रेखाटलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुवचन हे पुनरावृत्तीने घडते. एक आकार पुन्हा काढला की तो दुसरा पक्षी होतो, पुन्हा काढला की तिसरा. चित्रपटाचा विषय आणि त्याची निर्मितिप्रक्रिया येथे एकरूप होतात. व्याकरणातील वचन डोळ्यांना दिसते, आणि ते ज्या क्षणी दिसते त्याच क्षणी कानाला आवर्तनातून ऐकू येते. हे सचित्रीकरण नव्हे. रेषा गीताच्या तर्काने चालल्याचे हे उदाहरण आहे.

कथा अर्थातच जुनी आहे. जाळ्यासह उडणाऱ्या पक्ष्यांची ही गोष्ट पंचतंत्राच्या ‘मित्रसंप्राप्ति’ या दुसऱ्या तंत्रात येते. तेथे चित्रग्रीव हा कपोतांचा राजा आहे. जाळे कुरतडणाऱ्या हिरण्यक उंदराला तो आपले बंध तोडण्यापूर्वी अनुयायांचे तोडावयास सांगतो. म्हणजे ही कथा राजधर्माचीही आहे. लघुपटात राजा उरत नाही. त्याच्या जागी नाव नसलेली एक शहाणी चिमणी येते आणि सर्व चिमण्या रेषेने सारख्याच असल्यामुळे ती थव्यातून वेगळी काढता येत नाही. नीतिकथेतील श्रेणिव्यवस्था बालगीताच्या आवर्तनात विरघळते. १९७० च्या दशकातील शासकीय बोधपटात राजाचे हे विरघळणे अर्थपूर्ण आहे, आणि ते विधानातून नव्हे तर रूपातून आलेले आहे.

तथापि या लघुपटाची मर्यादाही येथेच सुरू होते. पक्ष्यांच्या गोष्टीनंतर तो राष्ट्रीय एकात्मतेच्या थेट गायनाकडे वळतो. गीताची रिक्तता बोधाने भरून निघते; ‘अनेक’ या शब्दाशी चाललेला खेळ उत्तर मिळाल्याने संपतो. बालगीताला उत्तर नसते, बोधपटाला ते द्यावेच लागते. वसंत देसाईंच्या चालीचे यश असे, की श्रोत्यांच्या स्मृतीत प्रामुख्याने पूर्वार्ध राहिला. चिमणीची मोजणी उरली आणि सूत्ररूप उपदेश मागे पडला. मौखिक स्मृतीने चित्रपटाचे संपादन केले, असे म्हणावयास हरकत नाही.

या संपादनाचे आणखी टोकाचे उदाहरण मराठी चित्रपटात आहे. मोराला नाचाचे आमंत्रण देणारे जे गाणे आज मराठीतील सर्वांत परिचित बालगीतांपैकी एक मानले जाते, ते १९५३ च्या, राम गबाले यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी संगीतबद्ध केले आणि आशा भोसले यांनी गायिले. तो चित्रपट ॲनिमेशनचा नाही. परंतु येथे प्रवासाची दिशा उलटी आहे : चित्रपटातून बालगीत बाहेर पडले, त्याने पात्र सोडले, प्रसंग सोडला आणि कर्त्यांची नावेही बहुसंख्य गाणाऱ्यांसाठी सोडून दिली. ओपी दांपत्याने इंग्रजी गीतांबाबत जी प्रक्रिया शतकांच्या अंतरावर पाहिली, ती येथे काही दशकांत घडली. याचा अर्थ असा, की पडदा हा बालगीताचा शेवट असतोच असे नाही. तो त्याच्या प्रवासातील मुक्कामही असू शकतो. अट एवढीच, की गीत तेथून परत निघू शकले पाहिजे. बालगीतावरील चित्रपटाचे मूल्यमापन करताना त्याच्या चित्रांची सफाई अथवा संगीताची गोडी यांच्या बरोबरीने ‘परतीची शक्यता’ हा निकष मांडता येतो : चित्रपट पाहिल्यानंतर ते गीत चित्रपटाविना, दुसऱ्या तोंडात, दुसऱ्या उच्चारात, दुसऱ्या मांडीवर पुन्हा घडू शकते काय?

५

या निकषाची खरी परीक्षा प्रमाणभाषेच्या केंद्रात होत नाही, कारण तेथे पडद्याचा आणि घराचा उच्चार सामान्यतः एकच असतो. ती परीक्षा मोहाडीसारख्या ठिकाणी होते. भंडारा आणि तुमसर यांच्या दरम्यान असलेले हे तालुक्याचे गाव. चौंडेश्वरी मातेच्या देवस्थानासाठी ते ओळखले जाते, आणि मोहाडी-आंधळगावच्या परिसरात हातमागावर कोसा विणण्याची परंपरा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भाग झाडीपट्टीत मोडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्याची बोली म्हणजे झाडीबोली, डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या दीर्घ अभ्यासामुळे तिला मराठी भाषाविचारात स्वतंत्र स्थान मिळाले. या बोलीत ‘ण’, ‘ळ’, ‘श’ हे वर्ण नाहीत. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘श’च्या जागी ‘स’ आणि ‘ळ’च्या जागी सामान्यतः ‘र’ येतो.

ध्वनिव्यवस्थेतील या भेदाचा यमकावर होणारा परिणाम सहसा विचारात घेतला जात नाही. ‘शेण’ आणि ‘मेण’ ही जोडी ‘सेन’ आणि ‘मेन’ होऊन टिकते. काऊचिऊची दोन्ही घरे झाडीबोलीत शाबूत राहतात. परंतु या बोलीत असे आणखी काही घडते, जे प्रमाण मराठीत घडूच शकत नाही. ‘मनी’ हे मांजरीचे नाव आणि ‘फणी’ हा शब्द प्रमाण उच्चारात पूर्णपणे जुळत नाहीत. झाडीबोलीत ‘मनी’ आणि ‘फनी’ यांचे निर्दोष यमक होते. विणकराच्या घरात फणी दोन असतात, एक केस विंचरण्याची आणि एक मागाची. म्हणजे तेथे मांजरीला मागाशी जोडणारे यमक भाषेत तयारच आहे. ‘गोळी’ आणि ‘दोरी’ प्रमाणभाषेत केवळ जवळ येतात. झाडीबोलीत ‘गोरी’ आणि ‘दोरी’ एकमेकींना नेमक्या जुळतात, आणि शिवाय खाण्याची गोळी व रंगाने गोरी यांचा श्लेषही पदरात पडतो. ही उदाहरणे कोणा विशिष्ट गीतातील नव्हेत. ती त्या बोलीच्या ध्वनिव्यवस्थेतच असलेल्या शक्यता आहेत. पण बालगीत अशा शक्यतांतूनच जन्मते. यमक जर कथेचे कारण असेल, तर वेगळ्या यमकव्यवस्थेतून वेगळी कथा निर्माण होते. मोहाडीच्या बोलीत जे जग यमकाने एकत्र येते, ते पुण्याच्या बोलीत एकत्र येणारे जग नव्हे. बोली ही येथे प्रमाण आशयाचा स्थानिक पोशाख नसून स्वतंत्र कल्पनाविश्वाची यंत्रणा आहे.

पोळ्याच्या दिवशी म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, लाकडी बैल घेऊन मुलांनी साजरा करावयाचा तान्हा पोळा, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात चालणारी भुलाबाईची गाणी आणि त्यांच्या अखेरीस खिरापत ओळखण्याचा खेळ, हे सर्व प्रकार ध्वनी, स्पर्श, वस्तू आणि प्रसंग यांच्या जुळणीवर उभे आहेत. मुलींच्या फेरगाण्यांत माहेरी जाण्याची परवानगी मागणारी सून सासरच्या एकेका माणसाकडे धाडली जाते, अथवा वेल लावण्यापासून त्याची भाजी होईपर्यंत तिला थांबविले जाते. अशी साखळी-रचना ॲनिमेशनला अत्यंत अनुकूल आहे. ‘एक अनेक’मधील पुनरावृत्तीच्या तंत्राने ती उत्तम उभी राहील. मात्र तीत दडलेला कडवटपणा, कधीच न संपणारी ती टोलवाटोलवी, कॉक रॉबिनच्या मृत्यूप्रमाणे सुखान्ताने पुसून टाकला, तर मुलीच्या खेळात शिरलेले प्रौढ स्त्रीचे दुःख, जो त्या गीताचा गाभा आहे, तेच नाहीसे होईल.

मोहाडीतील मुलापुढे आज जी ॲनिमेशन-गीते येतात, ती प्रमाण मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत असतात. आधी सीडी आणि नंतर मोबाइलच्या पडद्यावरून त्यांचा प्रसार झाला. चेन्नईच्या ‘चूचू टीव्ही’ने २०१३ पासून रंगीत, ठेकेबाज बालगीतांची जी पद्धत रूढ केली, तिच्या धर्तीवर मराठीतही मालिका निघाल्या. त्यांतील पुष्कळशा निर्मितींत एकच आवाज, एकच ठेका आणि एकच प्रकारचे मोठ्या डोळ्यांचे प्राणी असतात. त्यांचा मुख्य दोष अभिरुचीचा नाही. चित्र, उच्चार आणि गती यांचे एकत्रित स्थिरीकरण असे अधिकृत ठरते, की आजीच्या तोंडची ‘फनी’ मुलाला चूक वाटू लागते. छापील अक्षराने आजीला ही संधी ठेवली होती. ‘फणी’ असे छापलेले असले तरी ती ‘फनी’ वाचू शकत होती. पडदा तसे वाचू देत नाही. मूल प्रथम आजीची दुरुस्ती करते, मग आजी गाणे बंद करते. बोली नाहीशी होण्याच्या प्रक्रियेत शाळा आणि कचेरी यांचा वाटा अनेकदा सांगितला गेला आहे. मांडीवरच्या गाण्याचा वाटा त्या मानाने दुर्लक्षित आहे, वस्तुतः उच्चाराची पहिली शाळा तीच असते.

येथे एक आक्षेप संभवतो. बालगीत जर स्वभावतःच सर्व स्थित्यंतरांतून तगणारे असेल, तर ते ॲनिमेशनमधूनही तगेल. मोराचे गाणे चित्रपटातून सुटले तसे हेही सुटेल. हा आक्षेप निराधार नाही. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. मोराचे गाणे सुटले, कारण ते ज्या तोंडांत जाऊन पडले त्यांना त्याची गरज होती आणि ते बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्यांना वाटत होते. त्या काळी चित्रपट प्रसंगाने पाहिला जाई आणि गाणे दोन पाहण्यांच्या मधल्या दीर्घ काळात घरी घडत असे. मागणी होताच शंभरदा तसेच्या तसे दिसणारे चित्र हा मधला काळच नाहीसा करते. स्मृतीला चूक करण्याची सवड मिळाली नाही, तर पाठभेद निर्माण होत नाहीत. आणि पाठभेदांविना मौखिक परंपरा म्हणजे केवळ ध्वनिमुद्रणाचा संग्रह.

६

या विवेचनातून बालगीताधारित ॲनिमेशनपटाच्या समीक्षेसाठी तीन सूत्रे हाती येतात. पहिले असे, की यमक हे या प्रकारात कारणतत्त्व आहे. म्हणून चित्रपटाने कथानकाची कारणपरंपरा त्याच्यावर लादली आहे की रेषेला यमकाप्रमाणे वागू दिले आहे, हे पाहावयास हवे. या दृष्टीने ‘एक अनेक और एकता’चा पूर्वार्ध आदर्शवत आणि उत्तरार्ध तडजोडीचा ठरतो. दुसरे असे, की गीतातील अंधार, म्हणजे मृत्यू, टोलवाटोलवी, उपेक्षा, हा मुलांच्या नावाखाली पुसला जातो तेव्हा पुसला जाणारा आशय बहुधा प्रौढांच्या अनुभवाचा असतो आणि बालगीत ज्या घरात गायिले गेले त्या घराचा तोच पुरावा असतो. तिसरे असे, की चित्रपटाने गीताला परतीची वाट ठेवली आहे काय, हे त्याच्या मूल्याचे अंतिम माप होय.

या तिसऱ्या सूत्राचा रोख निर्मितीकडेही आहे. झाडीबोलीतील बालगीतांचा ॲनिमेशनपट करावयाचा झाल्यास प्रमाण गीताला स्थानिक उच्चाराचा मुलामा देऊन भागणार नाही, किंवा पार्श्वभूमीवर वैनगंगा आणि धानाची शेते रंगवूनही भागणार नाही. त्या बोलीत कोणते दोन शब्द एकमेकांना हाक मारतात, हे आधी ऐकावे लागेल आणि त्या हाकेतून जे विचित्र प्राणी, जी अशक्य घरे निर्माण होतील, तीच काढावी लागतील. मागाच्या फणीवर बसलेली मांजर त्या बोलीला सहज सुचते. प्रमाण मराठीला ती कोणीतरी सांगावी लागते. असा चित्रपट इतर भाषांत नेता येणार नाही, ही व्यापाराच्या दृष्टीने त्याची उणीव ठरेल. समीक्षेच्या दृष्टीने तेच त्याच्या अस्सलपणाचे लक्षण मानावे लागेल, कारण जे गीत कोणत्याही भाषेत तंतोतंत तसेच राहते, ते मुळात कोणत्याच भाषेत घडलेले नसते.

काऊचिऊच्या गोष्टीत चिमणी दार उघडायला वेळ लावते आणि हा वेळ प्रत्येक सांगणारी आपल्या मुलाला झोप येईपर्यंत लांबवीत राहते. बाळाला न्हाऊ घालावयाचे, पुसावयाचे, काजळ घालावयाचे, अशा कामांची यादी प्रत्येक घरात निराळी असते. कोणत्याही चित्रपटात ते दार ठरलेल्या वेळी उघडेल, कारण त्याची लांबी आधीच मोजलेली असते. म्हणून अशा चित्रपटाची योग्यता त्याने दार किती सुंदर रंगविले, यावरून ठरत नाही. पडदा विझल्यावर कोणीतरी ते दार पुन्हा लावून, आपल्या बोलीत, आपल्या कामांच्या यादीसह, कावळ्याला पुन्हा बाहेर थांबवू शकते काय, यावरून ती ठरते.